मेण चुकले

क्रॉस-कंट्री स्कीइंग हा बर्फावरून लांब पल्ला कापण्याचा खेळ आहे आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातील बैहर येथे तो खेळला जात नाही. बैहरला बर्फ ठाऊक नाही असे नव्हे. उसाच्या रसात तो असतोच. जवळच्या कान्हा राष्ट्रीय उद्यानात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गवतावरचे दव गोठून मैदान पांढरे पडते, मुक्की फाटकातून आत शिरलेले पर्यटक कानटोपी सावरत त्याचे फोटो काढतात आणि ऊन चढले की ते सगळे नाहीसे होते. तेवढ्या वेळात पन्नास किलोमीटरची शर्यत उरकणे अवघड आहे. या खेळाचा दुसरा भाग म्हणजे निकालानंतर काठावरच्या माणसांनी करायची चर्चा. तिला मात्र बर्फ लागत नाही, आणि ती बैहरात पूर्ण वाढलेल्या अवस्थेत आढळते. फक्त तिथे चर्चेचा विषय बैल असतात.

वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात, धान घरात आले की शंकरपट भरतात. लोक नुसते 'पट' म्हणतात. हलक्या छकड्याला जोडी जुंपायची, मोकळ्या धावपट्टीवर सोडायची आणि घड्याळ लावायचे, एवढाच खेळ. जोडी डोळ्यांसमोरून जाते ती धुरळ्यासकट, आणि शौकिनाने मान वळवेपर्यंत पलीकडे पोचलेली असते. बैहरचा शौकीन बस धरून घाट उतरतो, दिवसभर उन्हात उभा राहतो आणि संध्याकाळी निकाल घेऊन वर येतो. बैहरला रेल्वे नाही. त्यामुळे निकालावर पुरेसे बोलणे बसमध्येच होऊन जाते, आणि उरलेले बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पुढचे कित्येक दिवस पुरते.

तिकडे ओस्लोत होल्मेनकोलेनला पन्नास किलोमीटरची शर्यत असते तेव्हा नॉर्वेचे लोक जंगलात तंबू ठोकतात, शेकोटीवर सॉसेज भाजतात आणि गळ्यातल्या घंटा वाजवतात. स्पर्धक समोरून जातो तो काही सेकंदच. बाकीचे तास सॉसेज आणि मतभेद यांच्यात वाटले जातात. पटाला सॉसेजऐवजी भजी असतात, एवढाच मोठा फरक.

दोन्ही खेळांची खरी नाळ घड्याळाशी आहे. स्कीइंगच्या वैयक्तिक शर्यतीत स्पर्धक एकदम सुटत नाहीत. साधारणपणे तीस-तीस सेकंदांच्या अंतराने एकेक सोडतात. त्यामुळे पुढे दिसणारा पुढे असेलच असे नाही, आणि मागून येणारा मागे असेलच असेही नाही. जंगलात उभ्या माणसाला डोळ्यांनी काहीच ठरवता येत नाही; कागदावर वेळा मांडाव्या लागतात. पटातही जोडी किती जोरात गेली हे दिसते, पण कालच्या जोडीपेक्षा जोरात गेली का, हे घड्याळवालाच सांगतो. ज्या खेळात निकाल डोळ्यांना दिसत नाही त्या खेळात चर्चा अमर असते. कुस्तीत पाठ लागली की लागली; तिथे बोलणाऱ्याची फार गैरसोय होते.

चाहत्याचे मूळ तत्त्व असे, की आपला माणूस हरत नाही, त्याला हरवले जाते. आणि हरवणारा हा समोरचा स्पर्धक कधीच नसतो. मग तो कोण, हे शोधून काढणे म्हणजे चर्चा.

स्कीइंगमधला सर्वांत मोठा गुन्हेगार मेण आहे. स्कीच्या तळाला मेण लावतात. आखलेल्या खोबणीतून जाण्याची जी जुनी, क्लासिक पद्धत, तिच्यात पायाखालच्या मधल्या भागाला पकडीचे मेण आणि पुढे-मागे घसरणीचे मेण लागते. पकड कमी पडली तर चढावर पाय मागे सटकतो. जास्त झाली तर उतारावरही माणूस बर्फाला धरून बसतो. बर्फ ताजा आहे की शिळा, कोरडा आहे की ओलसर, शून्याच्या किती अंश खाली आहे, यावर मेण ठरते. बर्फात थर्मामीटर खुपसून बसणारी, इस्त्रीने मेण वितळवून लावणारी आणि तेच पुन्हा खरवडून काढणारी माणसे प्रत्येक मोठ्या संघाकडे असतात. शर्यत सुरू होईपर्यंत ऊन पडले तर या सगळ्यांची मेहनत वाया जाते. चाहत्याच्या दृष्टीने हे कारण फार सोयीचे आहे, कारण मेण बरोबर होते असे सिद्ध करण्याचा मार्गच नाही. जिंकला तर पायांत दम होता, हरला तर मेण चुकले.

2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये या शास्त्राला बहर आला. नॉर्वेचे पुरुष रिलेत चौथे आले आणि स्त्रिया पाचव्या. ज्या देशात रिलेतले रौप्यपदकही तक्रारीचा विषय होते, तिथे चौथा क्रमांक ही राष्ट्रीय आपत्ती. नॉर्वेची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास होती आणि त्या आठवड्यात मेणतज्ज्ञांची संख्याही जवळपास तेवढीच झाली. पुढे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आरोग्याच्या आणि पर्यावरणाच्या कारणावरून फ्लोरिनयुक्त मेणावर बंदी आणली. 2023-24 च्या हंगामापासून ती पूर्ण लागू झाली. आता शर्यतीआधी स्कीची तपासणी होते. चर्चेवर मात्र तिचा काही परिणाम झाला नाही. आधी 'मेण चुकले' म्हणत, आता 'जुने मेण असते तर' म्हणतात.

बैहरकडे मेणाच्या जागी खुराक आहे. पटाच्या बैलाला ढेप, उडीद, दूध, अंडी असे बरेच काही चारतात. घरच्या पोरांनी ते बघायचे असते. जोडी मागे पडली की पहिला संशय खुराकावर. कमी पडला तर अंगात बळ नव्हते, आणि जास्त झाला तर बैल जड झाला. या दोन कारणांच्या मधून कोणतीही हारलेली जोडी सुटत नाही.

मेणाखालोखाल काठी. 25 फेब्रुवारी 1982 रोजी ओस्लोच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या रिलेचा शेवटचा टप्पा नॉर्वेचा ओडवार ब्रो आणि सोव्हिएत संघाचा अलेक्सांद्र झाव्यालोव यांच्यात रंगला. शेवटच्या चढावर दोघांची टक्कर झाली आणि ब्रोची काठी मोडली. त्याने दुसरी काठी मिळवली आणि दोघे रेषेवर असे एकदम आले, की फोटो पाहूनही पहिला कोण ते ठरेना. सुवर्ण दोन्ही संघांना वाटून दिले. तेव्हापासून नॉर्वेत 'ब्रोची काठी मोडली तेव्हा तू कुठे होतास?' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. नॉर्वेने बरोबरी केली हे मागे पडले, काठी मोडली हे राहिले. त्यात चाहत्यांचा हिशेब सरळ आहे: काठी मोडून बरोबरी, म्हणजे न मोडता विजय.

काठीच्या इतिहासात एक प्रसंग मात्र चाहत्यांना पचायला जड गेलेला आहे. 2006 मध्ये तुरिन ऑलिम्पिकच्या सांघिक स्प्रिंटमध्ये कॅनडाच्या सारा रेनरची काठी मोडली. वाटेत उभे असलेले नॉर्वेचे प्रशिक्षक ब्योर्नार होकेन्समोएन यांनी आपल्याजवळची काठी तिच्या हातात दिली. कॅनडाला रौप्य मिळाले. नॉर्वे चौथा आला. म्हणजे स्वतःच्या हाताने पदक दिले, असा त्याचा अर्थ लावता येतो, आणि तसा तो लावणारे निघालेही असतील. पण कॅनडाच्या लोकांनी आभार म्हणून मेपलच्या पाकाचे हजारो डबे नॉर्वेला पाठवले. गोड खाऊ घातल्यावर माणूस किती भांडणार, हा अनुभव बालाघाट जिल्ह्यातही सोयरिकीच्या बैठकांत येतो.

तिसरे कारण म्हणजे खुद्द घड्याळ. 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये पंधरा किलोमीटरच्या शर्यतीत स्वीडनच्या थॉमस वासबर्गने 41 मिनिटे 57.63 सेकंद घेतले आणि फिनलंडच्या युहा मिएतोने 41 मिनिटे 57.64. पंधरा किलोमीटर जंगलातून जाऊन सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्ण गेले. मिएतो उंच, थोराड आणि भरघोस दाढीचा गडी. एवढ्याशा फरकात दाढीवर साचलेल्या बर्फाचे वजन, वाऱ्याला झालेला अडथळा, सुटताना घेतलेला एक जादा श्वास, काहीही बसते. त्यात हा माणूस 1972 च्या साप्पोरो ऑलिम्पिकमध्येही सहा शतांश सेकंदाने कांस्य हुकलेला. पुढे महासंघाने या खेळातली वेळ शतांशात न मोजता दशांशातच मोजायची असे ठरवले. फिनलंडच्या चाहत्यांना हा न्याय वाटला, फक्त थोडा उशिराने.

भारतीयाला मिएतोचे दुःख समजावून सांगावे लागत नाही. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषाची वेळ 55.42 होती आणि कांस्य जिंकणाऱ्या रुमानियाच्या क्रिस्तियाना कोयोकारूची 55.41. त्या वेळी जन्मही न झालेला माणूस आज बैहरच्या टपरीवर, ग्लास हातात धरून, उषाने रेषेवर छाती कशी पुढे टाकायला हवी होती ते करून दाखवतो. त्या भरात चहा सांडतो तो वेगळा. मिल्खा सिंग 1960 मध्ये रोमला 400 मीटरमध्ये चौथे आले, त्याचेही कारण देशभर एकच सांगतात: मागे वळून पाहिले. ते शर्यत पंचेचाळीस-सेहेचाळीस सेकंदांत संपवत होते आणि त्यांच्यापुढे आलेले तिघे त्याहून वेगात पळाले, हे कारण कोणी देत नाही. दिलेच तर टपरीवर शांतता पसरते आणि देणाऱ्याकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागतात.

पटातली कारणे अधिक समृद्ध आहेत, कारण इथे धावणारे दोन असतात आणि हाकणारा तिसरा. तिघांपैकी दोघांना बोलता येत नाही, ही चर्चेची मोठीच सोय. हारलेल्या जोडीवरचा नेहमीचा संवाद साधारण असा चालतो:

"आपली जोडी गेली कशी गा?"

"जोडी कुठं गेली? डावा बैल नवा होता ना. उजव्याच्या जोरानं तो वढत गेला."

"पन मागच्या पटात तर हाच बैल उजवा होता."

"मंग? उजव्याले डावा केला, तेच तर म्हनतो ना मी!"

मग तिसरा सरसावून बसतो आणि धावपट्टीच्या शेवटी कोणा माणसाने पांढरा दुपट्टा हलवला, तो बघून जोडी बिचकली, असे सांगतो. दुपट्टेवाला कोणत्या गावचा यावर मतभेद होतात. तो समोरच्या जोडीच्या मालकाचा मेहुणा होता, यावर मात्र चटकन एकमत होते. घड्याळवाल्याचा अंगठा उशिरा पडला, हे कारण सगळ्यांत शेवटी काढतात. ते काढल्यावर पुढे बोलण्यासारखे उरत नाही आणि चहाचे पैसे द्यावे लागतात.

चाहत्यांच्या जाती दोन्हीकडे सारख्याच सापडतात. एक हिशेबी असतो. त्याला प्रत्येक टप्प्याची वेळ पाठ असते आणि शर्यत पाच किलोमीटरनंतर थांबवली असती तर कोण जिंकले असते, हे तो सांगू शकतो. बैहरात त्याच्याजवळ खिशातल्या वहीत जोड्यांच्या सेकंदांची नोंद असते, आणि तिच्यात घरच्या किराण्याची नोंद मात्र नसते. दुसरा जुनाजाणता. त्याच्या मते खरे स्पर्धक 1980 नंतर झालेच नाहीत आणि खरे बैल त्याच्या आजोबांच्या वेळी संपले. हिशेबी आणि जुनाजाणता यांची भेट होऊ नये अशी इतरांची इच्छा असते, पण ते दोघे एकमेकांना शोधत येतात.

तिसरी जात संशयी. तिला या खेळाने दुर्दैवाने बराच आधार दिलेला आहे. 2001 मध्ये फिनलंडच्याच लाहती गावी जागतिक स्पर्धा भरली असताना यजमानांचे सहा स्कीअर रक्ताशी केलेल्या खटाटोपात सापडले, आणि सारा देश मान खाली घालून बसला. 2016 मध्ये नॉर्वेची तेरेसे योहाउग उन्हाने फाटलेल्या ओठांना लावलेल्या मलमातून बंदी असलेल्या औषधात अडकली. मलम संघाच्या डॉक्टरने इटलीत विकत घेऊन दिले होते. तिच्यावर अठरा महिन्यांची बंदी आली आणि 2018 चे ऑलिम्पिक हुकले. नॉर्वेत त्यावर चर्चा कशी झाली असेल हे सांगायला नको. एरवी ओठांना तूप लावा म्हणणाऱ्या आज्यांची बाजू त्या वर्षी फार भक्कम झाली असती, जर त्या नॉर्वेत असत्या.

चाहत्याचा खरा शत्रू मात्र प्रतिस्पर्धी नाही, सतत जिंकणारा माणूस आहे. 2025 च्या जागतिक स्पर्धेत ट्रॉनहाइमला, घरच्याच गावी, नॉर्वेच्या योहान्नेस ह्योस्फ्लोत क्लेबोने सहाच्या सहा शर्यती जिंकल्या. छोटी, लांब, एकट्याची, संघाची, क्लासिक, स्केटिंग, सगळ्या. अशा वेळी मेण, काठी, घड्याळ ही सगळी भांडी धुऊन ठेवावी लागतात. तो चढावर स्कीसकट पळत कसा सुटतो याचे कौतुक करून करून किती करणार? सुदैवाने त्याच स्पर्धेत नॉर्वेच्या स्की-उडीच्या पथकाने उडी मारणाऱ्यांच्या पोशाखाशी फेरफार केल्याचे उघडकीस आले आणि बोलणाऱ्यांना शिवणकामाकडे वळता आले. चाहत्यांना खरा आनंद देणारा विजय 2018 च्या ऑलिम्पिकमधला: प्योंगचांगला तीस किलोमीटरच्या शर्यतीत नॉर्वेचा सिमेन हेगस्ता क्र्यूगर सुरुवातीलाच पडला, काठी मोडली, सगळ्यांच्या मागे गेला आणि तरी पहिला आला. हरण्याची सगळी कारणे तयार असताना जिंकला. याला शिस्त नाही म्हणतात.

शर्यतीच बंद झाल्या तर चर्चेचे काय होते, याचाही प्रयोग झालेला आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर देशभर बंदी घातली. महाराष्ट्रात 16 डिसेंबर 2021 रोजी त्याच न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या साडेसात वर्षांत महाराष्ट्रात अधिकृतपणे एकही पट झाला नाही आणि पटाची चर्चा एक दिवसही थांबली नाही. उलट ती वाढली, कारण नवा निकाल येऊन जुने मत खोटे पाडील ही भीती गेली. त्या काळात अनेक जोड्या अजिंक्य ठरल्या.

शेवटच्या क्रमांकाकडे मात्र दोन्ही खेळ वेगळ्या नजरेने पाहतात. 2014 मध्ये सोचीला पंधरा किलोमीटर जिंकणारा स्वित्झर्लंडचा दारिओ कोलोन्या, बरगड्या मोडलेल्या अवस्थेत सर्वांत शेवटी आलेल्या पेरूच्या रोबेर्तो कार्सेलेनसाठी रेषेपाशी थांबून राहिला. 2022 मध्ये बीजिंगला फिनलंडच्या ईवो निस्कानेनने कोलंबियाच्या शेवटच्या स्पर्धकासाठी तेच केले. सोचीच्या त्या शर्यतीत कार्सेलेन 87 वा, त्याच्या आधी नेपाळचा दाचिरी शेर्पा 86 वा आणि त्याच्या आधी भारतीय सैन्यातला नदीम इक्बाल 85 वा होता. 2018 मध्ये प्योंगचांगला याच अंतराच्या शर्यतीत गुलमर्गच्या लष्करी प्रशिक्षणसंस्थेतून गेलेला जगदीश सिंग 103 वा आला. वेळ 43 मिनिटे 0.3 सेकंद. पहिल्या आलेल्या कोलोन्याला 33 मिनिटे 43.9 सेकंद लागले होते. या निकालावर बैहरात कसलीही चर्चा झाली नाही, आणि नागपुरात, पुण्यातही झाल्याचे ऐकिवात नाही. हे थोडे अन्यायाचे आहे. सव्वानऊ मिनिटांचा फरक, परका बर्फ, मोजका सराव. टपरीवरचा तज्ज्ञ एवढ्या सामग्रीवर महिनाभर बसू शकला असता.

पटात शेवटच्या जोडीसाठी पहिला मालक थांबत नाही, त्याला बक्षीस घ्यायचे असते. पण शेवटच्या जोडीचा मालकही खट्टू नसतो. पुढच्या पटाची तारीख त्याने आधीच विचारून ठेवलेली असते, आणि डावा-उजवा बदलायचा की खुराक, हे ठरवायला त्याच्याभोवती गर्दी जिंकणाऱ्यापेक्षा मोठी जमते.

या विषयाच्या नवख्या अभ्यासकाला बैहरात एकच सावधगिरी बाळगावी लागते. पटाहून परतलेल्या माणसाला 'काय झालं?' असे कधीही विचारू नये. 'पहिला कोण?' एवढेच विचारावे, आणि नाव कानी पडताच बालाघाटच्या बसमध्ये चढून बसावे.